पुढचा संदेश कुठून सुरू होतो?

२५ जानेवारी २००३ रोजी, भारतात सकाळचे अकरा वाजण्याच्या सुमारास, इंटरनेटवर ३७६ बाइटांचा मजकूर असलेले एक पॅकेट धावू लागले. कागदावर उतरवले तर हा ऐवज जेमतेम चार-पाच ओळींचा. पण ज्या यंत्रांना त्याची बाधा होऊ शकत होती, त्यांपैकी सुमारे ९० टक्के यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. किमान ७५,००० यंत्रे बाधित झाली, दक्षिण कोरियात इंटरनेट जवळजवळ ठप्प झाले आणि अमेरिकेत काही एटीएम बंद पडली. ‘एसक्यूएल स्लॅमर’ या नावाने हा प्रकार पुढे ओळखला जाऊ लागला.

स्लॅमरने पासवर्ड फोडला नाही की कोणाला फसवी ई-मेल पाठवली नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या डेटाबेसबरोबर १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटी चौकशी-सेवा चालत असे. एकाच यंत्रावर डेटाबेसच्या अनेक प्रती असतील, तर हवी ती प्रत कुठे भेटेल एवढेच ती सांगायची. विचारण्याची रीत ठरलेली होती: एक ठरावीक बाइट आणि त्यापाठोपाठ प्रतीचे नाव. नाव छोटे असणार, हे गृहीत होते. स्लॅमरने नावाच्या जागी शेकडो बाइट पाठवले. सर्व्हरने लांबी न मोजता ते सगळे मेमरीतल्या ठरावीक आकाराच्या जागेत ओतले. जागा भरून ते शेजारी सांडले आणि नाव म्हणून आलेला मजकूर यंत्र हुकूम म्हणून पाळू लागले. ही चूक दुरुस्त करणारा पॅच जुलै २००२ मध्येच निघाला होता. असंख्य ठिकाणी तो बसवलेलाच नव्हता.

डेटाबेस सर्व्हर आणि त्याच्याशी बोलणारा क्लायंट प्रोग्रॅम यांच्यातल्या संभाषणाचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. क्लायंट म्हणजे मोबाइल अॅपच्या मागे चालणारी सेवा, बँकेतले सॉफ्टवेअर, हिशेब काढणारी स्क्रिप्ट, काहीही. हे क्लायंट नियम मोडतात. बहुतेकदा त्यामागे लिहिणाऱ्याची चूक असते, कधी नेटवर्क मधेच तुटते, कधी जुनी आवृत्ती नव्या सर्व्हरशी बोलू पाहते आणि क्वचित कोणी मुद्दाम खोडी काढतो. सर्व्हरला मात्र समोरून फक्त बाइट दिसतात, हेतू दिसत नाही. मग त्याने कडक असावे की समजूतदार?

हा प्रश्न स्वभावाचा समजला की त्याचे उत्तर मिळत नाही. चांगले सर्व्हर वेगळाच प्रश्न विचारतात: आता जे बिघडले, त्यानंतरही पुढचा संदेश कुठून सुरू होतो हे मला खात्रीने सांगता येईल का? हे नीट दिसते पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. त्याचा प्रोटोकॉल खुला आहे, कोडही खुला आहे आणि त्याच्या चुकांचा इतिहासही उघड्यावर मांडलेला आहे.

एका संदेशाची अंगकाठी

पोस्टग्रेसचा सध्याचा प्रोटोकॉल, म्हणजे आवृत्ती ३, २००३ साली आला. त्यात क्लायंटच्या प्रत्येक संदेशाचे तीन भाग असतात. पहिला एक बाइट प्रकार सांगतो: ‘क्यू’ असेल तर साधी क्वेरी, ‘एक्स’ असेल तर निरोप. पुढचे चार बाइट लांबी सांगतात आणि उरलेला तो मजकूर. संदेश संपला हे दाखवणारी वेगळी खूण नाही. लांबी ५० सांगितली असेल, तर तेवढे बाइट मोजायचे आणि त्यापुढचा बाइट म्हणजे नव्या संदेशाचा प्रकार, असे धरायचे.

मोडीतला जुना दस्त वाचणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल. तिथे शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. एक शब्द चुकीच्या ठिकाणी तोडला की पुढची सगळी ओळ सरकते आणि तरीही काहीतरी वाचता येतच राहते. बाइटांच्या प्रवाहाचेही तसेच आहे. लांबी एका बाइटाने चुकली तरी सर्व्हर अडखळत नाही, वाचत राहतो, फक्त चुकीचे वाचतो.

अगदी पहिल्या संदेशाला प्रकाराचा बाइटही नसतो. तो थेट चार बाइटांच्या लांबीने सुरू होतो. आता समजा कोणी चुकून ब्राउझरमध्ये पोस्टग्रेसच्या ५४३२ या पोर्टचा पत्ता टाकला. ब्राउझर आपल्या सवयीने ‘गेट’ ही इंग्रजी तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा पाठवून सुरुवात करतो. या चार खुणांचे बाइट आहेत ७१, ६९, ८४ आणि ३२. सर्व्हर ते लांबी म्हणून वाचतो, तेव्हा आकडा येतो १,१९,५७,२५,८५६. म्हणजे ‘माझा पहिला संदेश जवळपास १२० कोटी बाइटांचा आहे’, असे ब्राउझर सांगतो आहे, असा सर्व्हरचा समज होतो.

सर्व्हर भोळा असता, तर त्याने अब्जभर बाइटांची जागा राखून ठेवली असती आणि कधीच न येणाऱ्या मजकुराची वाट पाहत बसला असता. पोस्टग्रेस पहिल्या संदेशाला १०,००० बाइटांची मर्यादा घालतो. आकडा त्यापुढे गेला की लॉगमध्ये ‘सुरुवातीच्या पॅकेटची लांबी अवैध’ अशा अर्थाची एक ओळ लिहितो आणि समोरच्याला चकार शब्द न बोलता जोडणी तोडतो. न बोलण्यालाही कारण आहे. जो आपली भाषाच बोलत नाही, त्याला आपल्या भाषेत खुलासा देऊन उपयोग नसतो आणि अनोळखी माणसाला आतली माहिती जितकी कमी मिळेल तितके बरे.

चूक मजकुरात की चौकटीत?

ओळख पटून जोडणी झाली की पोस्टग्रेसमध्ये तक्रारीच्या तीन पायऱ्या असतात. सगळ्यात सौम्य ‘एरर’: चालू काम रद्द होते, जोडणी राहते. त्यावर ‘फेटल’: ही जोडणी संपली. आणि शेवटची ‘पॅनिक’: अख्खा सर्व्हर आवरून पुन्हा उभा करायचा. क्लायंटने काहीही पाठवले तरी प्रकरण तिसऱ्या पायरीवर जाता कामा नये, कारण तिथे एकाच्या चुकीने बाकीचे सगळे खाली पडतात. पहिल्या दोन पायऱ्यांमधली निवड मात्र विचार करण्यासारखी आहे.

आपल्या रोजच्या कामातले उदाहरण घेऊ. यूटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क’ म्हणजे २२४, १६४ आणि १४९. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचेही प्रत्येकी तीन. आता एखाद्या प्रोग्रॅममध्ये ‘नाव ५० बाइटांवर तोडा’ असे लिहिले असेल, तर इंग्रजी नावांना काहीच होत नाही. पण ५० ला तीनने भाग जात नाही. एखादे लांबलचक मराठी नाव तोडले जाते, तेव्हा सोळा चिन्हे पूर्ण बसतात आणि सतराव्याचे दोनच बाइट उरतात. हे अर्धवट चिन्ह घेऊन नाव सर्व्हरकडे येते.

पोस्टग्रेस ते नाकारतो आणि नेमके कोणते बाइट बसले नाहीत तेही सांगतो. पण जोडणी तोडत नाही. संदेशाचा प्रकार बरोबर होता, लांबी बरोबर होती, आतला मजकूर तेवढा सदोष होता. संदेश पूर्ण वाचून झाला आहे आणि पुढचा कुठून सुरू होणार हे पक्के ठाऊक आहे. त्यामुळे ‘हे चालणार नाही, दुसरे बोला’ एवढे म्हणणे पुरते. हे अर्धे अक्षर गुपचूप गाळून बाकीचे नाव ठेवून घ्यावे, असा मोह काही डेटाबेसांना होत असे. मायएसक्यूएल कित्येक वर्षे न बसणारी मूल्ये कापून किंवा बदलून साठवी आणि फक्त इशारा देई. कडक पद्धत तिथे मूळ सेटिंग झाली ती २०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीत. ज्याने तो इशारा वाचला नाही त्याला आपला डेटा बिघडल्याचे वर्षभराने कळणार, तेव्हा मूळ नाव कुठे शोधायचे?

पोस्टग्रेसमध्ये ‘प्रोटोकॉलचा भंग’ यासाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे, ०८पी०१. हा एकच क्रमांक दोन वेगळ्या पायऱ्यांवर दिसतो. क्वेरीत दोन मूल्ये हवी होती आणि क्लायंटने एकच पाठवले, तर ०८पी०१ येतो, पण ‘एरर’ म्हणून. क्लायंटने प्रकाराच्या जागी सर्व्हरला ठाऊकच नसलेला बाइट पाठवला, तरी ०८पी०१ येतो, पण ‘फेटल’ म्हणून. पहिल्या चुकीत चौकट शाबूत असते. दुसऱ्या चुकीत तो बाइट खरोखर नव्या संदेशाचा होता की मागच्याच संदेशाचे शेपूट, हे सांगता येत नाही. कोडमध्ये त्या जागी लिहिलेल्या टिपणीचा आशयही हाच: पुन्हा ताळ्यावर कसे यायचे याची काही कल्पना नाही, म्हणून हे प्राणघातक मानतो.

‘एरर’ आल्यावर ताळ्यावर येण्याची सोय मात्र प्रोटोकॉलमध्येच करून ठेवली आहे. क्लायंट अनेकदा उत्तराची वाट न पाहता एकामागून एक पाच-सहा संदेश पाठवून देतो आणि शेवटी ‘सिंक’ नावाचा संदेश जोडतो. दुसऱ्याच संदेशात चूक निघाली, तर सर्व्हर तक्रार कळवतो आणि ‘सिंक’ येईपर्यंतचे सगळे संदेश वाचून टाकून देतो. मग ‘तयार आहे’ असे सांगून नव्याने सुरुवात करतो. चुकलेल्या पायरीवर पुढच्या पायऱ्या रचल्या जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

ताळ सुटल्यावर रेटून नेले तर

‘फेटल’चा दंड फार कडक वाटत असेल, तर फेब्रुवारी २०१५ मधली दुरुस्ती पाहावी. पोस्टग्रेसच्या त्या वेळच्या सर्व चालू आवृत्त्यांमध्ये एक भोक सापडले होते. सर्व्हर एखादा मोठा संदेश वाचत असताना मध्येच काही चूक उद्भवली, समजा क्वेरीची वेळमर्यादा संपली किंवा कोणी ती रद्द केली, तर तो चालू काम सोडून तक्रार कळवायचा आणि पुढच्या संदेशाकडे वळायचा. पण अर्धवट वाचलेल्या संदेशाचा उरलेला भाग अजून वाटेतच असायचा. तोच नवा संदेश म्हणून वाचला जायचा.

यात वाईट काय होऊ शकते? समजा एखाद्या संकेतस्थळावर कोणीही फाइल चढवू शकते आणि ती फाइल मूल्य म्हणून डेटाबेसमध्ये जाते. हल्लेखोर फाइलच्या पोटात मुद्दाम असे बाइट पेरतो: ‘क्यू’, मग लांबी, मग टेबल पुसून टाकणारी क्वेरी. सगळे सुरळीत असताना ते निरुपद्रवी बाइट आहेत. पण नेमक्या क्षणी वेळमर्यादा संपली आणि वाचन नेमके तिथून पुन्हा सुरू झाले, तर ते फाइलचे तुकडे न राहता त्या संकेतस्थळाच्या नावाने आलेला हुकूम ठरतात. डेटा आणि हुकूम यांच्यातली भिंत ही फक्त कुठून मोजायचे यावर उभी असते. दुरुस्तीनंतर पोस्टग्रेस संदेश वाचत असताना अशा व्यत्ययांना शक्य तितके थोपवून धरतो, आणि तरीही मध्येच चूक झाली तर ‘ताळमेळ हरवला’ असे सांगून जोडणी बंद करतो. उरलेले बाइट तो वाचतच नाही.

याच जातीचे दुखणे २०२४ मध्ये क्लायंटच्या बाजूने निघाले. गो भाषेतून पोस्टग्रेसशी बोलण्यासाठी ‘पीजीएक्स’ ही लोकप्रिय लायब्ररी वापरतात. लांबीसाठी चारच बाइट असल्याने त्यात ४ जीबीपेक्षा मोठा आकडा मावत नाही. कोणी त्याहून मोठा मजकूर दिला, तर लायब्ररीतली बेरीज आकड्याची कमाल गाठून पुन्हा शून्यापासून सुरू व्हायची. संदेश ४ जीबीचा आणि लांबी लिहिलेली काही बाइटांची. सर्व्हर बिचारा तेवढेच बाइट वाचून संदेश संपला असे धरायचा आणि उरलेला डोंगर स्वतंत्र हुकूम म्हणून वाचू लागायचा. इथे सर्व्हरला दोष देता येत नाही. खोटी लांबी आणि खरी लांबी यांत फरक करण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही. म्हणूनच क्लायंट लिहिणाऱ्याने आपण पाठवतो ते मोजून पाहिले पाहिजे. सर्व्हर आपल्या परीने एक करू शकतो: प्रत्येक प्रकारच्या संदेशाला वाजवी कमाल लांबी ठरवणे. पोस्टग्रेसमध्ये २०२१ पासून मोजक्या मोठ्या संदेशांना साधारण १ जीबीची आणि बाकीच्यांना १०,००० बाइटांची मर्यादा आहे. ताळ सुटला असेल, तर लांबीच्या जागी आलेला भलताच आकडा या मर्यादेला धडकण्याची शक्यता मोठी असते.

क्लायंटने सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्षात मिळालेला मजकूर यांची तुलना न करण्याची किंमत डिसेंबर २०२५ मध्ये मोंगोडीबीने मोजली. संकुचित करून पाठवलेल्या संदेशात ‘उलगडल्यावर मी एवढा होईन’ असा आकडा असतो. तो फुगवून सांगितला, तर सर्व्हर उलगडलेल्या मजकुराच्या पलीकडची, पूर्वीच्या कामातून उरलेली मेमरीही मजकुरातच जमा धरायचा आणि तिचे तुकडे उत्तरातून बाहेर जायचे. यासाठी लॉगिन करण्याचीही गरज नव्हती.

सोडून देण्याजोगे काय?

मग प्रत्येक वेडेवाकडे पाऊल दंडनीय ठरते का? नाही. पोस्टग्रेस दोन ठिकाणी मुद्दाम डोळेझाक करतो आणि त्या दोन्ही जागा शिकण्यासारख्या आहेत.

‘कॉपी’ हा हुकूम लाखो ओळी एकदम भरण्यासाठी असतो. क्लायंट ओळींचे संदेश पाठवत राहतो आणि सर्व्हर ते भरत राहतो. समजा हजाराव्या ओळीत चूक निघाली. सर्व्हरने तक्रार पाठवली, पण ती क्लायंटपर्यंत पोहोचायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात क्लायंटने आणखी दोनशे ओळी रवाना केलेल्या असतात. सर्व्हरच्या दृष्टीने ‘कॉपी’ संपलेली आहे आणि आता येणाऱ्या ओळी अवेळी आहेत. पण क्लायंटची काहीच चूक नाही, त्याला बातमी कळायचीच होती. पोस्टग्रेस या ओळी मुकाट्याने वाचून टाकून देतो.

दुसरी जागाही ‘कॉपी’मधलीच. काही लायब्रऱ्या कोणताही हुकूम पाठवला की सवयीने मागोमाग ‘सिंक’ पाठवतात. हुकूम ‘कॉपी’चा असेल तर त्या वेळी ‘सिंक’ अप्रस्तुत ठरतो. सर्व्हर त्याकडे दुर्लक्ष करतो आणि हे दुर्लक्ष प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे. दोन्ही ठिकाणी संदेशाची चौकट पूर्ण आहे, अर्थाबद्दल शंका नाही आणि सोडून दिल्याने कोणाचा डेटा बिघडत नाही. अशी सवलत खुशाल द्यावी.

निरोप न घेता निघून जाणाऱ्यांचेही तसेच. शिष्टाचार असा की जाताना ‘एक्स’ पाठवावा. पण फोनची रेंज जाते, लॅपटॉपचे झाकण बंद होते, प्रोग्रॅम कोसळतो. पोस्टग्रेस त्याचे चालू व्यवहार रद्द करून, अडवलेली कुलुपे सोडवून मोकळा होतो. व्यवहार अर्धवट होता तर लॉगमध्ये नोंद करतो, नसेल तर सहसा तेवढेही करत नाही.

रेडिसची उदारता आणि ब्राउझरची वाट

सवलत देताना समोर आपलाच क्लायंट आहे, ही खात्री मात्र हवी. रेडिस या वेगवान डेटाबेसने सुरुवातीपासून एक सोय ठेवली होती. त्याचा नेटका प्रोटोकॉल न वापरता टेलनेटवर साध्या ओळी टाइप केल्या तरी तो त्या हुकूम म्हणून पाळी. ओळ कळली नाही, तर ‘असा हुकूम नाही’ म्हणे आणि पुढची ओळ वाची. माणसाच्या दृष्टीने केवढी सोय!

पण ब्राउझरची विनंतीही ओळींचीच असते. एखाद्या दुष्ट वेबपेजने प्रोग्रॅमरच्या ब्राउझरला त्याच्याच यंत्रावरच्या ६३७९ पोर्टकडे ‘पोस्ट’ विनंती पाठवायला लावली, तर रेडिसला आधी ‘पोस्ट’ने सुरू होणारी ओळ दिसायची, मग ‘होस्ट’ची, मग आणखी काही. प्रत्येकीला तो ‘कळले नाही’ म्हणायचा आणि चिकाटीने खाली वाचत जायचा. शेवटी विनंतीच्या मजकुरात हल्लेखोराने लिहिलेला खरा हुकूम यायचा आणि तो बिनबोभाट पाळला जायचा. रेडिस बाहेरच्या जगाला बंद होता, पण ब्राउझर घरातलाच होता. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या ३.२.७ या आवृत्तीत इलाज झाला. ‘पोस्ट’ किंवा ‘होस्ट’ने सुरू होणारी ओळ दिसली की जोडणी तिथेच तोडायची आणि लॉगमध्ये हल्ल्याची शक्यता नोंदवायची.

पोस्टग्रेसनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये अशीच एक वाट बुजवली. क्लायंट जोडणी कूटबद्ध करण्याची विनंती करतो, तेव्हा सर्व्हरच्या एका बाइटाच्या उत्तरासाठी थांबणे त्याला बंधनकारक आहे. वाटेत दडलेला कोणी त्या विनंतीच्या पाठोपाठ आपले साधे बाइट चिकटवू शकत असे. सर्व्हर ते आधीच उचलून ठेवत असे आणि कूटबद्ध संभाषण सुरू झाल्यावर, जणू सुरक्षित मार्गानेच आले आहेत अशा थाटात वाचत असे. आता कूटबद्ध संभाषणाआधी आलेला एकही जादा बाइट सापडला तर जोडणी तोडली जाते. सोबतच्या संदेशात सर्व्हर प्रामाणिकपणे दोन्ही शक्यता सांगतो: क्लायंटमध्ये दोष असेल किंवा मध्ये कोणीतरी शिरले असेल. यातले खरे कोणते हे ठरवणे त्याचे काम नाही. दोन्हींसाठी कृती एकच आहे.

उदारतेचे बिल

इंटरनेटच्या जडणघडणीत एक तत्त्व फार मानले गेले. जॉन पोस्टेल यांनी जानेवारी १९८० मध्ये टीसीपीच्या मसुद्यात ते मांडले. आशय असा: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याकडून स्वीकारताना मन मोठे ठेवा. वेगवेगळ्या संस्थांनी लिहिलेली सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलूच लागली नसती, तर इंटरनेट उभेच राहिले नसते. त्या काळी हा सल्ला योग्यच होता.

पण चाळीस वर्षांत त्याची दुसरी बाजू दिसली. सर्व्हर चूक पचवतो, म्हणून क्लायंट लिहिणाऱ्याला चूक कळत नाही. चुकीचा क्लायंट हजारो ठिकाणी पोहोचतो. मग नवा सर्व्हर लिहिणाऱ्याला तीच चूक पचवावी लागते, नाहीतर लोक म्हणणार, ‘तिकडे चालते, तुमच्याकडे का नाही?’ अशा रीतीने चूकच नियम होऊन बसते. मार्टिन थॉमसन आणि डेव्हिड स्किनाझी यांनी लिहिलेला, जून २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेला दस्तऐवज नेमके हेच मांडतो. प्रोटोकॉल जिवंत असेल, त्याची देखभाल करणारे लोक असतील, तर चुका लवकर आणि मोठ्याने दाखवून दुरुस्त करून घेणे हे गिळून टाकण्यापेक्षा हिताचे.

याचा पुरावा पोस्टग्रेसच्या आवृत्ती-क्रमांकांतच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ मध्ये प्रोटोकॉलची ३.० नंतरची पहिली सुधारणा आली. तिचा क्रमांक ३.१ असायला हवा होता, पण आहे ३.२. कारण पीजीबाउन्सर. अनेक क्लायंटांना मोजक्या जोडण्यांतून सर्व्हरशी जोडणारा हा लोकप्रिय मध्यस्थ आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आवृत्ती ठरवण्याच्या बोलणीत दोष होता. ३.१ जमते का विचारले की तो ‘हो’ म्हणून मोकळा व्हायचा, प्रत्यक्षात जमत नसताना. दोन दशके ३.० शिवाय दुसरे काही कोणी मागितलेच नाही, त्यामुळे हे ‘हो’ पोकळ आहे हे कळण्याचा प्रसंगच आला नाही. शेवटी तो क्रमांकच कायमचा वगळावा लागला.

जी वाट कोणी चालत नाही ती बुजते, यावर इंटरनेटच्या सुरक्षा-थरात, म्हणजे टीएलएसमध्ये, एक मजेदार तोड काढली आहे. जानेवारी २०२० च्या आरएफसी ८७०१ मध्ये ती नोंदली गेली. क्लायंट अधूनमधून मुद्दाम निरर्थक मूल्ये पाठवतो. नियम असा की अनोळखी मूल्य दिसले तर त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जावे. ज्या सर्व्हरला ते जमत नाही तो आजच अडखळतो आणि आजच दुरुस्त होतो. पाच वर्षांनी खरे नवे मूल्य येईल तेव्हा गोंधळ उडत नाही.

गप्प बसणारे आणि सामूहिक शिक्षा

काही क्लायंट व्याकरणाचा एकही नियम न मोडता त्रास देतात. जोडणी उघडायची, व्यवहार सुरू करायचा, दोन ओळींना कुलूप लावायचे आणि गप्प बसायचे. बाकीचे त्या कुलपापाशी खोळंबतात, जुन्या ओळींची साफसफाई अडते. इथे पुढचा संदेश कुठून सुरू होतो हे ठाऊक आहे, तो केव्हा येणार हे मात्र ठाऊक नाही. म्हणून घड्याळ लागते. पोस्टग्रेसमध्ये ओळख पटवायला मूळ मुदत एक मिनिटाची असते. व्यवहार उघडा ठेवून बसणाऱ्यांसाठी २०१६ पासून आणि नुसतेच रिकामे बसणाऱ्यांसाठी २०२१ पासून वेगळ्या मुदती घालता येतात. या दोन्ही मूळ सेटिंगमध्ये बंद असतात. किती वेळ गप्प बसणे गैर, हे कामावर अवलंबून असल्याने तो निर्णय सर्व्हर चालवणाऱ्यावर सोपवला आहे.

शिक्षेची व्याप्तीही मोजून ठरवावी लागते. मायएसक्यूएलमध्ये एकाच पत्त्यावरून, मध्ये एकदाही यशस्वी जोडणी न होता, ठरावीक संख्येपेक्षा जास्त जोडण्या अर्धवट तुटल्या, तर तो पत्ताच अडवला जातो. ही संख्या मूळ सेटिंगमध्ये १०० आहे. चोर दार खटखटत असेल तर हे ठीकच. पण सर्व्हर जिवंत आहे का एवढे पाहण्यासाठी दर काही सेकंदांनी जोडणी उघडून लगेच सोडणारे देखरेखीचे साधनही याच मोजणीत सापडते. मग त्या यंत्रावरचे सगळे प्रोग्रॅम दारातच अडतात आणि व्यवस्थापकाला हाताने नोंद पुसावी लागते. चूक एका जोडणीची असेल तर दंड त्या जोडणीलाच असावा. पत्त्यावर बंदी घालण्याआधी त्या पत्त्यामागे किती जण राहतात हे पाहावे.

एवढ्या सगळ्यातून सर्व्हर लिहिणाऱ्यासाठी कामाचा क्रम निघतो. आलेला आकडा वापरण्याआधी मोजावा. चौकट शाबूत असेल तर संदेश नाकारावा, नेमके कारण सांगावे आणि संभाषण चालू ठेवावे. चौकटीबद्दल शंका आली की अंदाज बांधू नये, जोडणी सोडावी. पुन्हा जोडायला क्लायंटला फारसा वेळ लागत नाही, पण चुकीच्या जागेपासून वाचलेला एक हुकूम परत घेता येत नाही. खुलासा ओळखीच्या क्लायंटला सविस्तर द्यावा, अनोळखी पाहुण्याला जेमतेम, आणि लॉगमध्ये इतका की तीन महिन्यांनी वाचणाऱ्यालाही चूक कोणाची हे कळावे.

आणि सवलत द्यायचीच असेल, तर ती ‘कॉपी’तल्या ‘सिंक’सारखी लिहून द्यावी. लिहिलेली सवलत नियमाचाच भाग होते. क्लायंट लिहिणारा तिच्यावर विसंबू शकतो, नवा सर्व्हर लिहिणारा ती पाळू शकतो आणि पुढे गरज संपली तर सगळ्यांना सांगून काढून घेता येते. न लिहिता दिलेली सवलत कोणी मागत नाही, पण तिच्यावर विसंबतात सगळे. ती पुढच्या आवृत्तीत निसटली की लोक सर्व्हरलाच दोष देतात आणि तेव्हा त्याच्याकडे दाखवायला कागदही नसतो.